थांब बापू, म्हणजे काय?

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या अमडापूरच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जायचा आणि वाचणारा माझा नवरा. एखादी म्हातारी "थांब बापू, म्हणजे काय?" म्हणाली, की तो थांबून समजावायचा. त्यालाच कळलं नसेल, तर तसंही सांगून टाकायचा.

मी मात्र घरी जाडजूड कादंबरी घेऊन बसलेली. बी.ए. झालेली नवी सून ना! वाक्यं पानपानभर लांब, डोक्यात काही शिरत नाही, तरी मान डोलावतेय शहाणी.

"काय आहे त्यात?" तो विचारायचा.

"लय खोल आहे. तुमाले नाही समजणार."

"तुले समजलं काय?"

"हाव," म्हणून मी पान उलटायची.

तो गेल्यानंतरचा हा पहिला पावसाळा. ती कादंबरी पुन्हा काढली. काही पानं खरंच खोल निघाली. माझं आत्ताचं रिकामं घर त्यांत जसंच्या तसं आहे. काहींत नुसताच तोरा. एक पान मात्र खोल की नुसता तोरा, काही ठरेना. शेवटी मोठ्यानं म्हटलं, "थांबा हो, म्हणजे काय?"

विहारात वाचन सुरू व्हायची वेळ झाली, तरी त्या पानावर बोट ठेवून मी तशीच बसून राहिले.