सगळ्यांना सर्दी

कडूबामामांना विचाराल तर गुलमंडीच्या मागच्या आमच्या गल्लीत गेली बत्तीस वर्षं एकच रोग आहे. सर्दी.

हे मला गुडघा फुटला तेव्हा कळलं. डॉक्टर राहत मॅडमनी चार टाके घातले, वर भलंमोठं बँडेज बांधलं आणि मी लंगडत बाहेर आले. समोर बाकावर चतुराबाई. चतुराबाई आठवड्यातून तीनदा बीपी बघायला येतात. बीपीला दोन मिनिटं लागतात, बाकीचे दोन तास त्या गल्लीची नाडी बघतात.

"अगं बाई, काय झालं गं पोरीला?" हा प्रश्न मला नव्हता, काउंटरमागच्या कडूबामामांना होता.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग बँडेजकडं बघितलं.

"सर्दी."

"गुडघ्याला?"

"उतरली आसंल."

आणि शांतपणे पुढचा बिल्ला पुकारला.

कडूबामामा मॅडमचे कंपाउंडर. गाव गंगापूरकडचं. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. आवाज नाकातून येतो आणि वाक्य संपायच्या आत दार लावून घेतो. त्यांची नक्कल करायची तर आधी नाक चिमटायचं, मग हनुवटी छातीला टेकवायची, मग जगातल्या कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही असा चेहरा करायचा. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. मला जमायला सहा दिवस लागले.

पंधरा दिवस ड्रेसिंगला जायचं होतं, त्यामुळं मामांचा कारभार मी रोज बघितला. दारातून आत आलं की पत्र्याचा बिल्ला हातात. नाव विचारायचं असेल तर मामा कागद पुढं सरकवतात, "लिवा." ज्याला लिहिता येत नाही त्यानं मामांच्या कानात सांगायचं. पुकारायचा तो फक्त नंबर. "चौदा! चौदा कोण ते मला म्हाईत नाय. चौदानं उठायचं!" गोळ्यांची पुडी, मलम, बाळंतिणीचं टॉनिक, सगळं एकसारख्या खाकी पाकिटात जाणार, त्यावर दोन पिना. वाळूजच्या कंपनीतला एकजण एकदा म्हणाला, "मामा, पिना कशाला? घरी जाऊन उघडायचंच आहे." मामा म्हणाले, "घरी. रिक्षात नाय."

केसपेपर लोखंडी कपाटात, तेही नंबरानं. कुठला नंबर कुणाचा, हे लिहिलेली वही कुलपात. आणि कुलपाची किल्ली मामांच्या करदोड्याला. वही काढायची वेळ आली की मामा भिंतीकडं तोंड करतात आणि सदरा वर करतात. तेवढा वेळ सगळा दवाखाना शिस्तीत पंख्याकडं बघतो.

मग कॉम्प्युटर आला. पासवर्ड मामांनी ठेवला. मॅडम म्हणाल्या, "कडूबा, मुझे तो बताओ."

"मी हाय ना, म्याडम."

"और तुम नहीं रहे तो?"

"मंग सांगतो की."

मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. शहराचं नाव बदललं, मॅडमच्या चिठ्ठ्यांवरचा पत्ता बदलला, पण कुणी कुणाबद्दल काहीही विचारलं तरी मामांचं उत्तर तेच राहिलं.

माझ्यासाठीही तेच. घरी मी सांगितलं होतं की जिन्यावरून पाय घसरला. खरं म्हणजे मी मावसभावाची स्कूटी घेऊन मैदानात शिकत होते आणि मैदान संपलेलं मला कळलं नाही. मॅडमना खरं सांगावं लागलं, कारण गुडघ्यात खडी होती. जिन्यात खडी कुठून येणार? तिसऱ्या दिवशी पप्पा न्यायला आले आणि काउंटरवर वाकून म्हणाले, "कडूबा, नेमकं लागलं कसं हिला?"

मी पंख्याकडं बघायला लागले.

"ते तिला इचारा, साहेब. माझ्याकडं फकस्त बँडेज हाय."

दुसऱ्या दिवशी मात्र कापूस कातरता कातरता मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांगायचं कधी ते तू ठरीव. पर सांग."

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढं मी काय केलं ते कळल्यावर तुम्ही मला मोजून शिव्या द्याल.

आमच्या गल्लीत बद्रीनाथ बँडमास्तर राहतात. लाल कोट, सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट. आवाज असा की साधा "नमस्कार" म्हटला तरी पारव्यांचा थवा उडतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कसं?" म्हणतात आणि मांडीवर थाप मारतात. ते दवाखान्यात आले तेव्हा मी आत पडद्यामागं ड्रेसिंगच्या टेबलावर होते. मॅडमची केबिन आणि टेबल यांच्यामध्ये प्लायवूडची फळी, तीही छतापर्यंत न पोचलेली.

"कब से सुनाई नहीं देता?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आँ? जरा मोठ्यानं, म्याडम! कसं?"

झाली का पंचाईत! ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागणार, आणि मोठ्यानं बोललं की बाहेरच्या बाकाला ऐकू जाणार. मॅडमनी आवाज चढवला, "बायाँ कान! कब से?"

तेवढ्यात बाहेर धडाम! मामांच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. बत्तीस वर्षांत न पडलेला. मग त्यांनी शिक्का घेतला आणि कोऱ्या पाकिटांवर धपाधप मारायला सुरुवात केली. तेही पुरेना, तेव्हा ओरडू लागले, "कुणी चपला आत आणल्या? आँ? फरशी कोण पुसणार? चतुराबाई, तुमच्या हायेत का?"

"माझ्या बाहेर हायेत रे मुडद्या!" चतुराबाई भांडायला लागल्या, आणि बाकाला त्यांच्याशिवाय काही ऐकू येईना. मामांना तेच पाहिजे होतं.

मला मात्र फळीवरून सगळं ऐकू आलं. बद्रीनाथांच्या डाव्या हाताला तीस वर्षं ताशा वाजला होता आणि तो कान आता जवळजवळ बंद होता. मशीन लावलं की भागेल, असं मॅडम म्हणाल्या. त्यावर बद्रीनाथ रडवेले झाले. "लावतो, म्याडम. पर लग्नसराई हाय. बँडमास्तर भैरा हाय म्हणून कळलं, तर एक वरात मिळायची नाय. अकरा माणसं हायेत माझ्याकडं. कसं?" या वेळी मांडीवर थाप पडली नाही.

ते गेल्यावर मामांनी पडदा सरकवला. "काय ऐकलंस?"

"सर्दी," मी म्हणाले.

मिशी हलली. मामांचं हसणं मिशीच्या वर जात नाही. "शानी हायेस."

शहाणी! त्याच संध्याकाळी गंगापूरहून आईचे मामा, तात्यासाहेब आले. नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. चहा झाला आणि आई म्हणाली, "मामा, हिच्या नकला बघा."

मी सुरू झाले. नाक चिमटून कडूबामामा केले, मॅडम केल्या, चतुराबाईंची चप्पल केली. तात्यासाहेब धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. माणूस असा हसायला लागला की मला थांबता येत नाही. मी केबिनमधला पेशंट केला. नाव घेतलं नाही, शपथ! फक्त "आँ? जरा मोठ्यानं, म्याडम! कसं?" आणि मांडीवर थाप.

तात्यासाहेबांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "हा तर बद्रीनाथ. नातीच्या वरातीला म्या ठरवलाय त्याला! ऐकू येत नाय व्हय त्याला?"

मी म्हणाले, छे, दुसरंच कुणीतरी. पण नक्कल इतकी चांगली झाली होती की माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

"उद्या कडूबालाच इचारतो. मीबी म्याडमचाच पेशंट, आन् तो आमच्याकडचा, खरं सांगंल. तसं आसंल तर दुसरा बँड बघू."

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर होते. मामांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी नाव नव्हतं घेतलं, मामा."

"नाव कशाला लागतंय? मानसाचा आवाज म्हंजे नावच की."

मग त्यांनी बिल्ले एकावर एक रचत मला सांगितलं. मामा वीस वर्षांचे असताना त्यांना खरूज झाली होती. दवाखान्यात गेले, तर तिथला कंपाउंडर भरल्या बाकासमोर ओरडला, "खरजेचं मलम कुणाचं? कडूबा!" दुपारपर्यंत गावात पोचलं. ठरत आलेली सोयरीक मोडली. "खरूज पंध्रा दिसांत गेली. नाव अकरा वर्सं ऱ्हायलं. खरज्या. पोरं हाका मारायची." मामा माझ्याकडं बघत नव्हते. "या दारातनं आजवर काय भाईर गेलं नव्हतं."

मला वाटलं, त्यांनी रागवावं. ते रागवले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

"आता काय करू?"

"बस. आन् संध्याकाळी बद्रीनाथ येईल, त्याला तूच सांगायचं. उजव्या बाजूनं."

दहा वाजता तात्यासाहेब आलेच. काउंटरवर कोपर टेकवून, गावाकडचा माणूस भेटल्याच्या खुशीत म्हणाले, "कडूबा, एकच सांग. बद्रीनाथला काय झालंय?"

"सर्दी."

"आरं, माझ्याशी कशाला लपवतो? लगीन हाय घरात. भैरा हाय का नाय, व्हय का नाय एवढंच बोल."

"व्हय-नाय माझ्याकडं नसतंय, तात्यासाहेब. माझ्याकडं बिल्ले असत्यात."

"मी काय परका हाय व्हय रे?"

मामा पुढं वाकले आणि अगदी हळू बोलले. मी बाकाच्या टोकाला होते, म्हणून ऐकू आलं.

"परवा एकजण तुमच्याबद्दल इचारून गेला."

तात्यासाहेबांचं कोपर काउंटरवरून घसरलं. "माझ्याबद्दल? माझं काय? कोण होता? मी कुठं काय..." मग आवाज एकदम खाली. "तू काय सांगितलंस?"

"सर्दी."

तात्यासाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. मग एवढा मोठा श्वास सोडला की पाकिटं उडाली.

"एवढंच?"

"एवढंच. सगळ्यांना तीच हाय."

"बरंय," तात्यासाहेब म्हणाले. दारापर्यंत गेले, वळले. "बद्रीनाथ भेटला तर सांग. सर्दी जपून म्हणावं. वरात दोन तास हाय." जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "आन् तू, परत त्याची नक्कल केलीस तर बघ."

त्यांना काय होतं ते मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी मी बद्रीनाथांच्या उजव्या बाजूला उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आधी ते पांढरे पडले. तात्यासाहेबांचा निरोप कळल्यावर रंग परत आला. मग त्यांनी विचारलं, "नक्कल केलीस म्हंतीस? करून दाखीव."

मी नाही म्हणून मान हलवली. मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "ज्याचं त्याला दावायला काय हरकत नाय."

मी केली. बद्रीनाथांनी डोळे मिटून ऐकली. "आवाज आजून भसाडा हाय माझा. कसं?" आणि थाप पडली. माझ्या खांद्यावर.

रात्रीच्या जेवणाला मी पप्पांना स्कूटीचंही सांगून टाकलं. ती गोष्ट वेगळी, आणि तिच्यात मला हसण्यासारखं काही नाही.

लग्नाला आमची अख्खी गल्ली गंगापूरला गेली होती. वरात दणक्यात निघाली. बद्रीनाथांनी क्लॅरिनेट अशी वाजवली की घोड्यानं दोनदा मागं वळून बघितलं. डोक्यावर झुपकेदार टोपी कानापर्यंत ओढलेली. पण पंगतीत ते घामाघूम होऊन बसले, टोपी जरा सरकून कानातलं मशीन दिसलं आणि समोरच्या रांगेत चतुराबाई होत्या.

"कडूबा," बुंदी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "त्या बद्रीनाथच्या कानात काय हाय रे?"

मामांच्या तोंडात अख्खा लाडू होता. गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले. बोलता येईना.

मी त्यांच्या मागं वाढायला उभी होते. हनुवटी छातीला टेकवली. नाकातून म्हणाले, "सर्दी."

चतुराबाईंनी वर बघितलंच नाही. त्या मामांनाच म्हणाल्या, "कानाला?"

"चढली आसंल," पुन्हा मीच.

मामांना लाडवाचा ठसका लागला. मिशीला बुंदी चिकटली होती आणि या वेळी हसू तिच्या खूप वर, थेट डोळ्यांपर्यंत गेलं होतं.