दुखापत चालू, रेफरी बंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. एकदा त्याच्यासमोर बसून विषय काढायला गेलोही होतो. तोंड उघडलं, आणि भलतंच काहीतरी बोललो, बहुतेक गाडीच्या मायलेजबद्दल. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. भित्र्या माणसाला एवढंच जमतं.

सुरुवात गेमपासून करावी लागेल. हसू नका. मोठ्या पापाची सुरुवात काहीतरी मोठीच असावी असं मलाही वाटायचं.

आमच्या डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळघरात गेम पार्लर होतं. चार टीव्ही, चार कन्सोल, फाटलेले रेक्झिनचे सोफे आणि घामाचा वास. कॉलेज बुडवून आम्ही तिथे पडीक असायचो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि सौरभ. सौरभ माझ्याच सोसायटीतला, वरच्या मजल्यावरचा, बालवाडीपासूनचा मित्र. त्याच्या आईच्या हातचं मी इतकं खाल्लंय की काकू डाळीला फोडणी देताना माझी वाटी न विचारता काढून ठेवायच्या.

आम्ही खेळायचो फुटबॉल. म्हणजे पडद्यावरचा. पण सौरभ खराही खेळायचा, आणि चांगला खेळायचा. त्यामुळे त्याला गेममध्येही सगळं खरं हवं. खेळाडू दमले पाहिजेत. पावसात चेंडू जड झाला पाहिजे. ऑफसाइड हवं, पिवळं कार्ड हवं, आणि एखाद्याचा पाय दुखावला तर तो लंगडत बाहेर गेला पाहिजे. त्याच्याबरोबरचा सामना अर्धाअधिक वेळा शून्य-शून्य सुटायचा आणि हा पठ्ठ्या खूश! मला तर जीव नकोसा व्हायचा. मला मजा हवी होती. अर्ध्या मैदानातून मारलेला गोल, आणि मागून घसरत जाऊन समोरच्याला उताणा पाडणं — यासाठीच तर गेम असते ना? "गेम आहे रे, सीएची परीक्षा नाही," मी म्हणायचो. "मग घरी जाऊन सापशिडी खेळ," तो म्हणायचा.

हे भांडण रोजचं. शेवटी पार्लरचा मालक वैतागला आणि त्याने बाजारातल्या माणसासारखा तोडगा काढला — थोडं याचं, थोडं त्याचं. सौरभला दुखापत हवी ना? ठेवा चालू. याला रेफरी नको ना? करा बंद. मिटलं!

मिटलं कसलं? नीट विचार करा. हाडं मोडणार, पण शिट्टी वाजणार नाही. खरेपणातलं सगळ्यांत वाईट ते त्याच्याकडून घेतलं, मजेतलं सगळ्यांत वाईट ते माझ्याकडून. पण पार्लरमधली पोरं खूश झाली. लवकरच गोल कुणी मोजेना. शेवटी ज्याचे जास्त खेळाडू मैदानात उभे, तो जिंकला. आम्ही त्याला कत्तल मॅच म्हणायचो.

आणि कत्तल मॅचचा राजा मी होतो.

गेममध्ये असा घाव बसला की तोच प्रसंग पुन्हा संथ गतीने दाखवतात. बाकीची पोरं बटण दाबून ते पुढे पळवायची. मी बघायचो. परत परत बघायचो. त्यातून एक गोष्ट शिकलो — चेंडू मारणाऱ्या पायाकडे जायचंच नाही. तो हवेत असतो, लागला तरी नुसता उडतो. दुसरा पाय धरायचा, ज्यावर अंगाचा सगळा भार असतो. तो जमिनीत रोवलेला असतो, त्याला पळायला जागा नसते. घोट्याच्या वर, नडगीवर. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकलो, चव घेत घेत.

सौरभ त्या मॅचना कंटाळला. एक दिवस सगळ्यांसमोर त्याने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला, "अम्या, तू खेळत नाहीस रे. तू नुसती बटणं दाबतोस." पोरं हसली. एवढंच झालं. तो विसरलाही असेल. मी नाही विसरलो. कारण ते खरं होतं — त्याला मैदान होतं, मला फक्त बटणं होती. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका क्लबच्या निवड चाचणीला त्याचं नाव आलं होतं. काकूंनी सोसायटीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, आणि दोन्ही घशात अडकले.

आता टर्फ. इथे यायचंच मी टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा नवीन टर्फ झालं होतं. जाळी, हिरवं प्लास्टिकचं गवत, आणि दारावर पाटी — घसरून टॅकल करण्यास मनाई. रविवारी सकाळी आम्ही तासावर घ्यायचो. रेफरी कुठला? पोरापोरांतच खेळ. त्या दिवशी आमच्या बाजूला एक माणूस कमी पडत होता, म्हणून कुणीतरी कॉलेजातल्या प्रशांतला बोलावलं. पश्या दिवा स्टेशनपाशी, दिव्याला राहायचा. त्याच्या चाळीत पाणी दिवसाआड यायचं, त्या दिवशी नेमकं आलं होतं, म्हणून हंडे भरून धावत आला होता. पँटचे गुडघे ओलेच होते. डोंबिवलीची पोरं आपसात कुजबुजली, "हा दिव्याचा?" — एवढ्याच शब्दांत आम्ही माणूस मोजायचो. मी आणि पश्या एका बाजूला, सौरभ समोर.

सौरभने मला दोनदा चकवलं. दुसऱ्यांदा चेंडू माझ्या पायांमधून काढला आणि हसत पुढे गेला. वाईट हसला नाही तो. मित्र मित्राला हसतो तसंच हसला. जाळीबाहेर बसलेल्या पोरांनी मात्र माझ्या नावाने आरडाओरडा केला.

थोड्या वेळाने तो पुन्हा माझ्या पुढून गोलकडे निघाला. मी त्याच्या मागे, पश्या माझ्या बाजूला चार हातांवर. सौरभने मारण्यासाठी उजवा पाय मागे घेतला. डावा पाय रोवला.

मला तो पाय दिसला. नीट ऐका, इथे मला लपायचं नाहीये. संतापाने डोळ्यांपुढे अंधारी आली, काही कळलं नाही, असं लोक सांगतात. मला सगळं कळत होतं. वेळ होता. थांबता आलं असतं. मी अंग टाकलं, घसरलो, आणि दोन्ही बुटांचे तळवे त्याच्या नडगीवर घातले. घोट्याच्या वर. जिथे घालायचे तिथेच.

आवाज झाला. सुका, ओंडका फुटतो तसा. सौरभचा पाय जिथे वाकायला नको तिथे वाकला, आणि मोज्याच्या आतून काहीतरी टोकदार वर आलं. मोजा पांढरा होता, तो भराभरा लाल होत गेला. तो ओरडला नाही आधी. नुसता पायाकडे बघत राहिला, कुणा दुसऱ्याचाच पाय असल्यासारखा. मग जो ओरडला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

आणि मला — मला मजा आली. किती वेळ? डोळ्याचं पातं लवावं इतकाच. पण आली. छातीत काहीतरी मोकळं झालं. जिंकलो, असं वाटलं. लगेच भीती आली, मग रडू आलं, आणि ते रडूही खोटं नव्हतं. पण पहिली आली ती मजा. पाय मोडल्याचं सगळ्यांना माहीत आहे. हे मात्र फक्त मला माहीत आहे.

पोरं धावत आली. "काय केलंस भडव्या?" एकाने माझी कॉलर धरली. पाय घसरला म्हणता आलं असतं. गवत ओलं होतं, खपून गेलं असतं. पण त्या क्षणी तेवढ्याने त्यांचा विश्वास बसेल असं मला वाटलं नाही. मी बोट केलं. "पश्याने मागून ढकललं मला."

त्याचंच नाव का? तो जवळ होता म्हणून? छे. कारण तो दिव्याचा होता. त्या मैदानावर त्याला ओळखणारं, त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. हे गणित मी एका श्वासात केलं. आयुष्यात इतकं जलद गणित मी पुन्हा केलेलं नाही.

त्यांनी त्याला जाळीला दाबून मारलं. आधी बुक्क्या, मग तो खाली पडल्यावर लाथा. बुटांना खिळे नव्हते म्हणून वाचला, असं नंतर कुणीतरी म्हणालं. पाण्याने भरलेली मोठी बाटली एकाने त्याच्या डोक्यात, कानावर, परत परत हाणली. पश्या डोकं झाकून एकच म्हणत होता, "आईशप्पथ, मी नाही केलं रे, मी नाही केलं." मी सौरभचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. मित्र असा असावा, असं त्या दिवशी पाहणाऱ्याला वाटलं असतं.

मग पश्या त्यांच्या पायांतून सुटला आणि रांगत माझ्याकडे आला. माझाच शर्ट धरला त्याने. "तू सांग ना यांना. तुला माहितीये ना."

हो, मला माहीत होतं. आणि तो आणखी एकदा तसं म्हणाला असता तर सगळ्यांना कळलं असतं. मी सौरभचं डोकं खाली ठेवलं, उठलो, आणि पश्याच्या तोंडावर बुक्की मारली. पूर्ण ताकदीने. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. तो मागे पडला आणि गप्प झाला. सगळ्यांना माझा राग समजला. एकाने पाठीवर हातही ठेवला.

सौरभच्या पायात सळई बसली. निवड चाचणी गेली, आणि पुढचं सगळंही गेलं. आज तो ठाण्याला एका बँकेत आहे. जिना उतरताना कठडा धरतो. त्याच्या लग्नात मी पुढे पुढे केलं, त्याची मुलगी मला काका म्हणते, आणि तो तिला सांगतो की पाय मोडला तेव्हा हा काका माझ्याजवळ होता.

पश्याचं — त्याचं सांगायचं राहिलं. तेच शेवटी राहतं नेहमी.

ऑपरेशननंतर सौरभ घरी आला, त्याच्या काही दिवसांनी पश्या त्याला बघायला आला. बरोबर त्याची आई. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो, रोजच्यासारखा. पश्याच्या एका कानात कापूस होता. पडदा फाटला होता, त्या बाजूने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. पुढचा दात नव्हता. त्याच्या आईने पिशवीतून मोसंबी काढून टेबलावर ठेवली आणि काकूंना म्हणाली, "ताई, पोराचं चुकलं. पदरात घ्या."

मला वाटलं, आता पश्या तोंड उघडणार. पण तो सौरभकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो म्हणाला, आपण धक्का दिल्याचं आठवत नाही. पण सगळेच म्हणतायत, म्हणजे लागला असेल. धावताना कळत नाही. रात्ररात्र तेच आठवायचा प्रयत्न करतोय, आता हळूहळू थोडं आठवल्यासारखंही होतंय. मग तो चांगला कान माझ्याकडे करून वळला. "अमेय, सॉरी यार. माझ्यामुळे तुझ्या हातून झालं. तुझा तर जिगरी आहे तो."

सौरभ रडायला लागला आणि त्याने पश्याचा हात धरला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी पाळी होती.

मी म्हणालो, "जाऊ दे रे पश्या. मी माफ केलं तुला."

त्याची आई पुढे आली आणि तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. काकूंनी चहा टाकला, आणि आम्ही सगळ्यांनी तो घेतला.