मनकर्णाबाईच्या विहिरीतलं कासव

चितेगावच्या मनकर्णाबाईच्या विहिरीत हडळ बसलीय, भर दुपारी कपारीला नखं घासते, असं गावभर झालं. सांगणाऱ्यांनी तर हडळीच्या बांगड्यासुद्धा मोजल्या होत्या. बातमी साफ खोटी. घासत होतं ते कासव. पाणी निर्मळ राहावं म्हणून मनकर्णाबाईच्या सासूनं चाळीस वर्षांमागं सोडलेलं. आता स्वतः म्हातारी झालेली मनकर्णाबाई रोज त्याला भाकरीचा तुकडा टाकायची आणि विचारायची, "जेवलास का रं?" पोटच्या राजेंद्रला एवढ्या मायेनं कधी विचारलं नसेल!

त्याच राजेंद्रनं बांधावरचं शेड गावातल्या तेलाच्या धंदेवाल्या आप्पासाहेबाला भाड्यानं दिलं. "ऑइलचं गोडाऊन हाय, आई." गोडाऊन कसलं! टँकरमधून चोरलेलं आणि गॅरेजमधलं जळकं तेल पिंपात उकळून तिथं डिझेल काढायचे. तळाचा काळा गाळ नाल्यात. गावाला वास येत नव्हता असं नाही. पण स्वस्त डिझेल ट्रॅक्टरमध्ये पडलं की नाकं आपोआप चोंदतात.

नाला पाझरला, विहिरीवर काळी साय धरली. शेळ्या तोंड लावीनात. भाकरीचा तुकडा सायीवरच चिकटून राहायला लागला. कासव श्वासासाठी वर यायचं, डोळे बरबटलेले, आणि बाहेर पडायला कपार खरवडायचं.

शेवटी म्हातारी पदर खोचून पायऱ्या उतरली, त्याला पाटीत घालून वर आणलं. राखेनं घासलं, रिठ्यानं धुतलं. काळं निघेना. तिसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली. वाळलेल्या लिंबाखाली तिनं त्याला पुरलं.

दुसऱ्या दुपारी विहिरीतून पुन्हा खर्र... खर्र.

म्हातारीनं ऐकलं. शेजारच्या सरितानं ऐकलं. मस्करी करायला गेलेले गडीही ऐकून परतले.

मग आप्पासाहेब जेसीबी घेऊन आला. "काकू, लोक लई घाबरलेत. हडळीची विहीर बुजवून टाकू. बोअर मी मारून देतो."

हडळ कुणाच्या तोंडातून निघाली, ते म्हातारीला तेव्हा उमगलं. विहीर बुजली की साय झाकली. पिंपं खुशाल उकळत राहतील. राजेंद्र खाली मान घालून उभा. म्हातारीनं पोहरा सोडला, काळं पाणी वर ओढलं आणि चुलीजवळ ठेवून म्हणाली,

"बुजव की, आप्पा. पर आधी बस, ह्या पाण्याचा चहा टाकते. तुह्या कपातला चहा संपला, की मातीचं पहिलं टोपलं मीच टाकते."