उसना गोलकीपर

देशातल्या फुटबॉलचं जे काही मातेरं झालंय ते वेळीच आमच्या थोरल्या साडूंचा सल्ला घेतला असता तर झालं नसतं, असं ठाम मत असलेला माणूस साऱ्या देशात एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. साडूला हाक काय मारायची याची मराठीत नीटशी सोय नाही. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, मंडळाची पोरं आबा म्हणतात, आणि जिल्ह्यातले पंच काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. मंडळ म्हणजे त्यांचा लोणावळ्यातला फुटबॉलचा संघ. त्याला चुकून कोणी क्लब म्हटलं की दाजी हातातला चहाचा कप खाली ठेवतात. "क्लबात पत्ते खेळत्यात. आमचं मंडळ हाय." मी पहिल्या दिवाळसणाला क्लब म्हणालो होतो. त्याची शिक्षा म्हणून त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात झेंडा दिला आणि मला लाइनमन केलं. सासऱ्यांनी शिवून दिलेल्या नव्या कोऱ्या सफारीत मी मैदानाच्या कडेकडेनं धावलो. ऑफसाइड म्हणजे काय हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि पुढेही कळलं नाही. तेव्हापासून मंडळाचा झेंडा माझ्याकडेच असतो, फक्त कुणी मला ते विचारत नाही.

दाजींची सगळी नोकरी रेल्वेत गेली. मुंबईकडून येणाऱ्या गाडीला खंडाळ्याचा घाट एकटीनं चढवत नाही, मागून दुसऱ्या इंजिनानं रेटावं लागतं. ते रेटणारं इंजिन दाजी चालवायचे. गाडी लोणावळ्याला आली की ती पुढे पुण्याला, आणि हे सुटे होऊन पुन्हा खाली कर्जतला. "केवड्या लोकांस्नी वर आनून सोडलं मी," ते सांगतात, "पर एकानं मागं वळून बगितलं न्हाई." त्यावर ताई, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरातून म्हणते, "बगनार कसं? तुमी शेवटच्या डब्याच्या मागं!" निवृत्त झाल्यावर इंजिन सुटलं, पण भाषा सुटली नाही. मंडळाच्या पोरांना ते मैदानाबाहेरून सूचना देतात त्या अशा: पास द्यायचा असेल तर "लाइन क्लिअर!", थांबायचं असेल तर "लाल हाय, लाल!", आणि सगळ्यांनी मिळून गोल राखायचा असेल तर "मेगाब्लॉक!" बाहेरगावचे संघ पहिला हाफ यातच गोंधळून घालवतात. दुसऱ्या हाफमध्ये आमची पोरं गोंधळतात, त्यामुळे हिशेब सारखा राहतो.

खेळाडू निवडण्याचंही त्यांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. बेडश्याची पोरं लेण्यांच्या पायऱ्या चढून मोठी होतात, म्हणून ती फॉरवर्डला. आंबीची पोरं कारखान्यात पाळी करतात, म्हणून ती दमत नाहीत, मधल्या फळीला. आणि गोलकीपर उर्श्याचा. "टोलनाक्याचं गाव हाय ते. अडवायचं रक्तातच असतंय." हे शास्त्र मी कुठेही चारचौघांत सांगितलं की लोक हसतात, पण उर्श्याहून आणलेल्या अस्लमला गोलात उभं पाहिल्यावर कुणी हसलं नाही. अस्लमच्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान. ट्रकचं टायर झेलायची सवय असल्यामुळे फुटबॉल त्याला फुग्यासारखा वाटत असावा. लोणावळ्यात धुकं उतरलं की समोरचा गोल दिसत नाही, पंचाला तर चेंडूही दिसत नाही. अशा वेळी चेंडू आत गेला की नाही हे शेवटी गोलकीपरलाच विचारावं लागायचं. अस्लम खरं सांगायचा. धुक्यातून आवाज यायचा, "गेला, आबा." दाजी कपाळावर हात मारायचे आणि मग माझ्याकडे वळून अभिमानानं म्हणायचे, "असा गोलकीपर कुटं हाय का?"

देशाची मोठी लीग टीव्हीवर सुरू झाली आणि दाजींची लढाई सुरू झाली. मंडळाचे राज्य लीगमधले सामने आणि टीव्हीवरचे सामने एकाच वेळी असायचे, आणि मैदानाकडेच्या चहाच्या टपरीत मंडळाचे हक्काचे प्रेक्षक पाठ करून टीव्ही बघत बसायचे. दाजींनी एकदा भर पेनल्टीच्या वेळी आत जाऊन टीव्हीचं बटण बंद केलं. आरडाओरडा झाला तेव्हा शांतपणे म्हणाले, "त्या टीव्हीतल्या पोराला शिव्या घालताय, त्याला ऐकू तरी येत्यात का? आमच्याकडं या. हरेक शिवी पोचती." काही जण उठून आलेही. त्या दिवशी मंडळाला भरपूर शिव्या पोचल्या आणि दाजी खूश होते.

मग एके दिवशी त्या लीगमधल्या एका मोठ्या संघाची माणसं अस्लमला बघायला आली. एकसारखे टी-शर्ट, एकसारखे गॉगल. बोलणारा मुलगा पुण्याचा होता. तो म्हणाला, "काका, आम्ही त्याला लोनवर घेतो, एका सीझनसाठी." लोन म्हटल्यावर दाजी सावध झाले, कारण त्यांना वाटलं बँकेचं काही आहे. "म्हंजे कसं?" मुलानं मराठी शब्द शोधला, पण तो काही सापडेना. तेव्हा दाजींनीच विचारलं, "उसना नेताय का?" मुलाचा जीव भांड्यात पडला. "हां! तसंच काहीतरी." त्या 'तसंच काहीतरी'वर विसंबून दाजींनी मंडळाचा गोलकीपर दिला.

उसनं ही ताईच्या घरात फार गंभीर गोष्ट आहे. तिच्या घरातल्या चमच्यावरसुद्धा नाव कोरलेलं आहे. कुणाच्या घरी परात गेली की ती कुठे आहे, कशासाठी गेली आहे आणि कधी यायला हवी, हे तिला पाठ असतं. आणि परत येणारं भांडं रिकामं येत नाही, चिमूटभर साखर तरी घालून येतं. म्हणून अस्लम निघाला त्या दिवशी दाजींनी त्याच्या हातात मंडळाचा डबा दिला. स्टीलचा, झाकणावर मंडळाचं नाव कोरलेला. हाफटाइमला पोरं त्यातून गूळ-शेंगदाणे खायची. लोणावळ्यात चिक्की पाहुण्यांसाठी असते, मंडळाला कच्चा माल. ताईनं तो शिगोशीग भरला होता. दाजी म्हणाले, "डबा माघारी आनायचा. डब्यासंगट तू." अस्लम म्हणाला, "व्हय, आबा." दाजी निश्चिंत झाले. नाव घातलेलं भांडं गेलंय, म्हणजे येणारच.

त्यानंतर दाजींनी स्वतःच्या घरात टीव्ही घेतला, याची नोंद टपरीवाल्यानं मोठ्या समाधानानं घेतली. त्या संघाचा प्रत्येक सामना ते बघायचे, पण सामना असा बघायचेच नाहीत. कॅमेरा बाकाकडे कधी वळतो याची वाट बघायचे. अस्लम बाकावरच असायचा. तिसरा गोलकीपर. कधी दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देताना दिसायचा, कधी जांभई देताना. "वापरीत न्हाईत तर न्हेला कशाला?" दाजी टीव्हीला विचारायचे. "माजी परात न्हेऊन माळ्यावर टाकली ह्यांनी!" इकडे मंडळाच्या गोलात बाळू उभा राहू लागला होता. बाळू स्वभावानं चांगला. चेंडू आला की बाजूला होऊन त्याला वाट देणारा.

व्हायचं तेच झालं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर गोष्ट येऊन ठेपली. तो सामना हरला तर मंडळ राज्य लीगच्या वरच्या गटातून खाली जाणार होतं. वरच्या गटात आहे म्हणून तर बेडसे, आंबीपासून पोरं मंडळात येत. खालच्या गटातल्या मंडळात कोण कशाला येईल? आणि नेमका तो मोठा संघ त्याच दिवसांत पुण्यात खेळायला आला. सकाळी सकाळी दाजी माझ्या दारात उभे. "पाव्हणं, गाडी काडा. उसनं मागायला जायाचंय." गाडी माझी, आणि गाडी चालवण्यापलीकडे माझा कशालाच उपयोग नाही, याबद्दल सासरी एकमत आहे.

पुण्यात सरावाच्या मैदानाबाहेर तोच टी-शर्टवाला मुलगा भेटला.

"काका, असं नाही हो करता येत. करार आहे. सीझन संपेपर्यंत तो आमचा प्लेअर."

"तुमचा कसा? उसना न्हेलाय न्हवं?"

"लोनवर."

"त्येच म्हन्तोय. शेजारनीनं परात न्हेली आन् आपल्या घरात लगीन निगालं, तर परात मागून आनायची का न्हाई? का करार हाय म्हनून पीठ हातावर मळायचं?"

"परात वेगळी, काका."

"व्हय, वेगळी. परात वापरात तरी असती."

मुलगा हसला. दाजींना वाटलं, सौदा जमतोय. ते जवळ सरकले. "हे बगा, फुकट न्हाई मागत. एका सामन्यापुरता आमचा बाळू घ्या बदल्यात. बाकावर बसायचंच तर हाय. बाळू लय छान बसतो."

एवढ्यात अस्लम स्वतःच बाहेर आला. ट्रॅकसूटमध्ये तो थोडा ओळखीचा, थोडा टीव्हीतला दिसत होता. त्यानं वाकून दाजींच्या पायांना हात लावला आणि कुणाला न विचारता म्हणाला, "आबा, येऊ का?"

मुलगा आता हसत नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "काका, तो असा गेला तर इथे त्याला परत घेणार नाहीत. आणि दुसरीकडेही कुणी नाही घेणार. मला सांगायला नको वाटतं, पण सांगतो."

दाजी अस्लमकडे बघत राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सिग्नलला थांबलेलं पाहिलं. मग त्यांनी एकदम आवाज चढवला. "डबा कुटंय?"

अस्लम गडबडला. "डबा? तिकडं रूमवर हाय, आबा. हितं न्हाई आनला."

"मग येऊ का म्हनून कसं इचारतो? मंडळाचा डबा परक्या गावात टाकून रिकाम्या हातानं येनार तू? ताईला काय सांगू मी? न्हाई चालायचं. हितंच ऱ्हा. डबा घेऊन आलास म्हंजे मग बगू."

मी मदत करायच्या हेतूनं मध्ये पडलो. "अहो दाजी, डब्याचं काय एवढं! आपण नवीन घेऊ की!" त्यावर दाजींनी माझ्या पायावर पाय दिला. रेल्वेचे बूट होते. अस्लम मान खाली घालून म्हणाला, "व्हय, आबा." आणि आत गेला.

येताना वाटेत कामशेत लागलं. तिथे चहाला थांबलो. कप ओठाला लावता लावता त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमाला अजून ऑफसाइड कळला न्हाई ना?"

"नाही, दाजी."

"दिसतंय," ते म्हणाले.

सामन्याच्या दिवशी लोणावळ्यात गच्च धुकं उतरलं. शिट्टी वाजली, ओरडा झाला, आणि कुणालाच काही दिसेना. दाजींनी सवयीनं गोलाकडे हाक मारली, "गेला का रं?" धुक्यातून बाळूचा आवाज आला, "काय की, आबा. मी डोळं मिटलं व्हतं." गेलाच होता. मंडळ खालच्या गटात गेलं. दाजींनी पोरांना पिशवीतून गूळ-शेंगदाणे वाटले, माझ्या हातातला झेंडा काढून घेतला, गुंडाळला, आणि आम्ही घरी आलो.

पुढे त्या संघाच्या पहिल्या दोन्ही गोलकीपरांना दुखापती झाल्या आणि अस्लम एकदाचा खेळला. दाजी टीव्हीच्या इतके जवळ बसले होते की आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. अस्लमनं पेनल्टी अडवली. टीव्हीवरचा बोलणारा म्हणाला, हा मुंबईचा मुलगा. "उर्सं!" दाजी ओरडले. "उर्सं म्हन की लेका, उर्सं!" टीव्हीला ऐकू गेलं नाही. त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं तसं.

संघानं अस्लमला कायमचा ठेवून घेतला. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो दाजींकडे आला, हातात मंडळाचा डबा. रिकामा कसा आणणार? त्याच्या अम्मीनं त्यात शीरखुर्मा भरून दिला होता. दाजींनी दोन वाट्या खाल्ल्या, पेनल्टीचं कौतुक केलं नाही, फक्त उडी जरा उशिरा मारलीस म्हणाले. ताईनं डबा घासला, पुसला, आणि आता हा रिकामा कसा द्यायचा म्हणून पुन्हा गूळ-शेंगदाण्यांनी भरला. अस्लम म्हणाला, "आबा, आता हितंच ऱ्हाऊ द्या की. मंडळाचा हाय." दाजींनी झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि डबा त्याच्या हातात ठेवला. "उसना दिलाय तुला. माघारी आनायचा."

तेव्हापासून वर्षातून एकदा तो डबा लोणावळ्याला येतो, एक रात्र ताईच्या फळीवर पालथा राहतो आणि भरून निघून जातो. मंडळ अजून खालच्याच गटात आहे. हाफटाइमला पोरं पिशवीतून खातात. कुणी नवा डबा आणायचं म्हटलं की दाजी हातातला चहाचा कप खाली ठेवतात.

"हाय की आपला डबा," ते म्हणतात. "उसना गेलाय."