पाच दिवसांचा नाताळ

गेल्या नाताळात आमच्या घरी येशूबाळाचं पाचव्या दिवशी यथासांग विसर्जन झालं.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. माहेरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि रविवारी उपासनेला उशीर झाला तर वडील दुपारी जेवताना बोलायचे नाहीत. अशा घराण्यात विसर्जन हा विषय कधी निघालाच नव्हता. तो काढण्याचा मान मला मिळाला.

त्याचं मूळ माझ्या हौसेत आहे. मला हातानं काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. आजवर मी क्रोशाचे रुमाल विणले (विणता विणता टोप्या झाल्या), घरी मेणबत्त्या ओतल्या (पेटल्या नाहीत) आणि दिवाणखान्यात लावायला भरतकामाचा एक मोर केला. पाहुणे त्याला अननस समजून वाखाणतात. मीही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

त्या वर्षी गणपतीनंतर सावंतकाकांकडे शाडूची माती उरली होती. मुलुंडला आमचं दार आणि सावंतांचं दार समोरासमोर. मालवणकडची माणसं. काका दरवर्षी घरचा गणपती स्वतःच्या हातानं घडवतात आणि तो इतका देखणा असतो की वरच्या मजल्यावरची माणसंही 'जाता जाता' दर्शनाला येतात.

"काका, ती माती मला द्या," मी म्हटलं. "यंदा नाताळचा देखावा मी स्वतः करणार."

"मी येतो ना मदतीला."

"नको. सगळं माझ्या हातचं हवं."

काकांनी भिंतीवरच्या मोराकडे एकदा बघितलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

डिसेंबरभर आमच्या घरी पोळपाटावर पोळी कमी आणि योसेफ जास्त लाटला गेला. त्याचं नाक सारखं गळून पडायचं, म्हणून शेवटी मी नाकाचा नाद सोडला आणि दाढी वाढवली. मागी लोकांचा, म्हणजे बाळाला भेटायला आलेल्या तीन राजांचा, उंट उभा राहीना, म्हणून तो बसवला. मरियेचा चेहरा सासूबाईंसारखा झाला (मुद्दाम नाही हो). बाळ मात्र त्यातल्या त्यात जमलं, कारण ते कापडात गुंडाळलेलं असतं, हातपाय करायचे वाचतात. पुठ्ठ्याची गुहा केली, पुढे ताटल्यांमध्ये नाचणी पेरली. तिचं हिरवंगार गवत आलं आणि लांबून, दिवे मंद करून, देखावा खरंच छान दिसायला लागला.

मग मी एक चूक केली. थोरातबाईंना बोलावलं. थोरातबाई आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. वेदीवरचा क्रोशाचा पांढराशुभ्र कपडा त्यांच्या हातचा, त्याची सगळी टोकं सारखी असतात. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "नव्या वर्षाची पहिली प्रार्थनासभा माझ्याकडे ठेवू या. देखावा बघायला या. सगळा मी केलाय."

"तू?" बाई म्हणाल्या.

एवढंच. पण ते 'तू' माझ्या असं काही जिव्हारी लागलं की आता या बाईंच्या तोंडून 'सुंदर' वदवून घेतल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नव्हते.

नाताळच्या दिवशीच रात्रीच्या गाडीनं आम्हाला नगरला निघायचं होतं, दिराच्या मुलीचं लग्न होतं. बॅगा लिफ्टमध्ये, विल्सन (म्हणजे माझा नवरा) लिफ्टचं दार धरून 'चल गं' करतोय आणि मी सावंतांच्या दारात किल्ली देतेय.

"काका, तेवढं पाण्याचं बघाल ना?"

"पाण्याचं?" काका एकदम गंभीर झाले. "मी केलेलं चालेल तुमच्यात?"

"न चालायला काय झालं? तुमच्याइतकं मनापासून कोण करणार?"

"किती दिवस?"

"पाच."

"अगो, म्हणजे आमच्यासारखंच की," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला.

मला वाटलं, हेही गावी गेले की पाच दिवसांनी परततात, त्याबद्दल बोलतायत. मी हसून लिफ्टमध्ये शिरले. नाचणीच्या गवताला रोज वाटीभर पाणी लागायचं. पण या सगळ्या बोलण्यात 'गवत' हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता.

लग्न झकास झालं. सकाळी परत येऊन दार उघडलं, तर गुहा रिकामी. योसेफ नाही, मरिया नाही, उंट नाही. झाडून पुसून लख्ख केलेल्या जागेवर झेंडूची चार फुलं आणि अर्धा नारळ. गवत तेवढं जागेवर होतं, पार वाळून पिवळं पडलेलं.

"चोरी झाली," विल्सन म्हणाला.

"चोर नारळ फोडून जातो का रे?"

तेवढ्यात सावंतकाका आणि काकी आले. काकींच्या हातात वाटी.

"प्रसादाचा शिरा," काकी म्हणाल्या. "तुमच्यासाठी राखून ठेवला."

"सगळं नीट पार पडलं हो," काका म्हणाले. "गच्चीवर केलं. नवीन बादली आणली. आरती कुठली म्हणायची ते कळेना, मग हिनं मोबाइलवर ती तुमची घंट्यांची इंग्रजी धून लावली. आधी राजे सोडले, मग उंट, मग आईवडील. बाळाला शेवटी. सोडवेना गं. पाच दिवसांचं पोर ते." काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या."

(यात आक्षेप घ्यायलाही जागा नव्हती. 'प्रभू, लवकर ये' याशिवाय आम्ही तरी दर रविवारी वेगळं काय मागतो?)

मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. या माणसानं त्याच्या देवासाठी जे केलं असतं, तेच माझ्या देवासाठी केलं होतं, नवीन बादलीसकट. काही झालं तरी यांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. पण विल्सन हा अत्यंत खरं बोलणारा माणूस आहे आणि ते तो नेहमी चुकीच्या वेळी बोलतो.

"पण काका, परवा तो देखावा बघायला चर्चच्या बायका येणारेत," तो म्हणाला.

काका माझ्याकडे बघत राहिले. "पाण्याचं बघा म्हणालीस ना?"

"गवताच्या पाण्याचं, काका."

काकांनी वाळक्या गवताकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"तरी मी म्हणत होतंय, एकदा फोन करून इचारा," काकी पुटपुटल्या.

"वाट लावली मी तुझ्या देवाची," काका म्हणाले. त्यानंतर ते माझ्या नजरेला नजर देईनात. थोरातबाई काय म्हणतील याची मला तोवर धास्ती होती. काकांचा तो चेहरा बघितल्यावर ती धास्ती कुठल्या कुठे गेली. उद्यापासून हा माणूस समोरच्या दारातून खाली मान घालून जाणार, हे मला सोसणार नव्हतं. मी काही बोलणार, तोवर ते उठून निघूनही गेले.

आणि पाच मिनिटांत बादली घेऊन परत आले. तळाशी सगळी माती होती, राजांच्या झग्यांच्या रंगानं गुलाबी-निळसर झालेली.

"तू आल्यावर विचारून जास्वंदीच्या कुंडीत घालणार होतो," ते म्हणाले. "माती ती, खंय जातली? बस. परत करू या."

या वेळी मी 'नको' म्हटलं नाही.

काकांचा हात भराभर चालायला लागला. पण त्या हाताला गणपतीची सवय. योसेफाला पोट सुटलं आणि त्याचा उजवा हात आशीर्वादासाठी वर गेला. तिन्ही राजांना फेटे आले. गाढवाचे कान फारच प्रेमानं गोल झाले.

"काका, गाढव आहे हो ते."

"माका वाटला उंदीर," ते म्हणाले आणि त्यांनी गाढवाचे पाय लांब केले.

बाळ करायच्या आधी त्यांनी उठून हात धुतले. ते बाळ असं काही गोड झालं की काकी म्हणाल्या, दृष्ट काढायला हवी. मला वाईट वाटू नये म्हणून काकांनी मातीचा एक गोळा दिला, "तू एक मेंढरू कर." मी केलं. विल्सन पंख्यासमोर राजे धरून उभा राहिला, काकी केस वाळवायच्या मशीननं मरियेला वाळवत होत्या, आणि ती सकाळ मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसांपेक्षाही बरी वाटली.

प्रार्थनासभेला घर भरलं. सावंत दोघंही आले, मागे दाराशी बसले. थोरातबाई चष्मा लावून वाकल्या आणि बघतच राहिल्या.

"सुंदर," त्या म्हणाल्या. मग बाळाकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "फारच सुंदर. हे तू केलंस?"

मी तोंड उघडलं, तोच मागून काकांचा आवाज आला. "सगळं तिचंच. आमची नुसती माती."

"पण काय गं," बाई आणखी वाकल्या, "हा कुत्रा कशाला?"

"मेंढपाळांचा तो," काका म्हणाले. "राखणीला नको?"

"हो, तेही खरंच," बाई म्हणाल्या.

आमच्या सभेत शेवटी प्रत्येकीनं आपण कशासाठी देवाचे उपकार मानतो ते सांगायचं असतं. एकीनं मुलाच्या नोकरीसाठी मानले, एकीनं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. माझी पाळी आली. सगळ्यांनी डोळे मिटले होते.

"प्रभू," मी म्हटलं, "समोरच्या दारासाठी मी तुझे उपकार मानते. या दोघांनी तुला आपल्या घरचा समजून निरोप दिला आणि पुन्हा आणलंही. हा देखावा मी नाही केला, सावंतकाकांनी केलाय. आणि प्रभू, तो कुत्रा नाही, मेंढरू आहे. तेवढं माझं आहे."

सगळ्यांनी आमेन म्हटलं, सावंतकाकांनी सगळ्यात मोठ्यानं. थोरातबाईंनी मात्र आधी एक डोळा उघडून मेंढराकडे नीट बघून घेतलं आणि मगच आमेन म्हटलं. हे मला दिसलं, कारण मीही तेच करत होते.