न तोडलेला करदोटा

भूत, भानामती, अंगात येणं... ह्यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. आमच्या मिठागरात एक बांध होता, तिन्हीसांजेनंतर तिथून कोणी जायचं नाही. मी मुद्दाम तिथे बसून विडी ओढायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून म्हाताऱ्याला भ्रम झालाय असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण ह्यात एक खोटंही आहे, आणि ते माझं आहे. ते दुरुस्त करायला लिहितोय.

रेवसजवळ आमचं गाव. मी आणि हसुराम एकाच वर्षी फौजेत गेलो, एकाच पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही उत्तरेला होतो, बर्फात. हसूचा करदोटा ट्रेनिंगमध्येच तुटला होता. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा हा दोरा तो मेल्यावरच, सरणावर ठेवण्याआधी तोडतात. हसू म्हणायचा, "मी मेलो तं तुजा एक काम वाचला. तोडाला कायच न्हाय."

एका सकाळी माघार घेताना त्याच्या पायाला गोळी लागली. मी त्याला एका दगडाच्या आडोशाला बसवलं. "माणसं घेऊन येतो," म्हटलं. तो म्हणाला, "ये पन."

खाली पोचलो तोवर बर्फ पडायला लागला होता. साहेबांनी विचारलं, मागे कोणी जिवंत राहिलंय का? हो म्हटलं असतं तर वाट दाखवायला मलाच परत जावं लागलं असतं. मी गप्प बसलो.

कागदावर हसू 'बेपत्ता' झाला. मी सुट्टीवर आलो तर त्याची आई आणि बायको चांगुणा रोज दारात. कुठं दिसला, काय बोलला, जेवला व्हता का... शेवटी सांगून टाकलं — माझ्या मांडीवर गेला. वाटलं, बायांची सुटका होईल. खरं तर सुटका मला हवी होती.

माझ्या शब्दावर त्याचे विधी झाले. देह नाही म्हणून पळसाची पानं आणि दर्भ ह्यांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ. आई म्हणाली, "माजा पोर बिनकरदोट्याचा जानार न्हाय." चांगुणेची लग्नातली हिरवी साडी तिने त्याच सकाळी फाडली आणि काठाची पट्टी पिळून दोरा केला. तो त्या पुतळ्याला मी बांधला. गाठ मारली ती मिठाच्या गोणीची. हाताला तीच सवय. मग तोडायची वेळ आली. कोयती माझ्याच हातात दिली होती... मला तोडता आला नाही. तो मेलेला मी पाहिलाच नव्हता. गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. पण तो दोरा जळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आता ह्या वर्षीचं. तिकडे बर्फ हटून काही अस्थी सापडल्या. कपड्यांच्या तुकड्यांवरून पलटण कळली, माणूस कळेना. हसूला ना भाऊ, ना मूल. डीएनए जुळवायला रक्ताचं कोणी उरलं नाही. म्हणून वस्तू ओळखायला चांगुणावैनीला आणि मला अलिबागला बोलावलं. सकाळच्या एसटीने गेलो. वैनी खिडकीशी बसून म्हणाली, "भावजी, एवढ्या वर्सांनी बोलावतान, चा तरी पाजतील का?"

टेबलावर अधिकाऱ्याने प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या. बकल. बुटाचा तळ. तिसऱ्या पिशवीत पिळलेला हिरवा दोरा, एका बाजूने जळालेला. गाठ गोणीची.

"हा कमरेच्या हाडाला होता," अधिकारी म्हणाला. "जळका कसा ते आम्हालाही कळत नाही. तिथे आगीची काहीच खूण नाही. बाबा, घाई करू नका."

वैनीने पिशवीवर बोट ठेवलं. "ही माजी लगनातली सारी." मग माझ्याकडे वळली. "भावजी, ह्यो तं आपुन जालला व्हता."

बाहेरच्या बाकावर तिला सगळं सांगितलं. दगड, बर्फ, 'ये पन', सगळं. ती रडली नाही. म्हणाली,

"मंग आमी पुतला जालला तवा तो जिता व्हता?"

"नसेल गं. एवढ्या थंडीत एखादा दिवस..."

"तू पायलास?"

"नाही."

"मंग बोलू नको."

अस्थी गावात आल्या, लष्करी मानाने. ओळख पटल्यावर दोराही पेटीबरोबर आला होता. सरणापाशी वैनीने कोयती माझ्यासमोर धरली. "तवा न्हाय तोडलास. आता तोड." मी कोयती दोऱ्यावर टेकवली, पण ओढली नाही. शेवटी तिनेच माझं मनगट धरलं. दोघांनी मिळून तोडला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

जळालेला दोरा तिथे कसा पोचला, मला माहीत नाही. अधिकाऱ्यांना पुतळ्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसू आजही बेपत्ताच राहिला असता. फॉर्मवर लिहिलंय — सोबतच्या जवानाने करदोट्यावरून ओळख पटवली. खाली माझी सही आहे. गाठ कोणी मारली, हे तिथे कोणी विचारलं नव्हतं.