कुमुदमावशी खुर्चीतून उठली नाही

"कुमुद गेली रे, सुहास..." ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून मावशीच्या यजमानांचा, काकांचा फोन आला, तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरासमोरचा बर्फ उपसून मी नुकताच आत आलो होतो. हातमोजे काढायचंही सुचलं नाही. माझी मावशी, डॉ. कुमुद, सकाळी क्लिनिकला निघताना दारातच कोसळली होती. अंत्यविधीला आमच्या मराठी मंडळींच्या मागे एक धिप्पाड अमेरिकन मान खाली घालून उभा होता. काकांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. तो रॉय होता.

नागपूरला मेडिकल करून मावशी अमेरिकेत आली आणि मानसोपचारतज्ज्ञ झाली. ऐंशी सालानंतर मी एम.एस.साठी ह्यूस्टनला गेलो, तो तिच्याच घरी राहिलो. हायवेवर ड्राइव्ह करायचा तिला कंटाळा, म्हणून संध्याकाळी तिला क्लिनिकमधून आणायचं काम माझ्याकडे होतं. त्याच सुमारास एका व्यावसायिक फुटबॉल संघाने आपल्या खेळाडूला, रॉयला तिच्याकडे पाठवलं. अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंगावर अंग आदळायचा खेळ, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पार्किंगमध्ये त्याने एका फोटोग्राफरचा जबडा फोडला होता. पेपरवाले त्याला जनावर म्हणत होते. संघाला तो आता नको होता. काढून टाकायला फक्त डॉक्टरचा शब्द हवा होता.

संघाचा मॅनेजर आला, तेव्हा मी वेटिंग रूममध्येच होतो. तो दारातूनच म्हणाला, "डॉक्टर, हा सुधारण्यापलीकडचा आहे, एवढंच लिहून द्या." मावशी म्हणाली, "मी त्याचं अजून ऐकूनच घेतलेलं नाही. ऐकल्यावर जे दिसेल, ते लिहीन." त्यानंतर त्या संघाने तिच्याकडे एकही खेळाडू पाठवला नाही. रॉय मात्र आपणहून येत राहिला.

एका संध्याकाळी आतून काहीतरी जोरात आदळल्याचा आवाज आला. रिसेप्शनिस्टने पोलिसांना लावायला फोन उचलला. मी दाराकडे धावलो, तर आतून मावशीचा आवाज आला, "सुहास, खुर्ची मोडली आहे फक्त. बाहेरच थांब." बऱ्याच वेळाने रॉय डोळे पुसत बाहेर आला. "मंगळवारी ये," ती त्याला म्हणाली, "तोवर नवी खुर्ची आणते."

गाडीत मी विचारलं, "मावशी, तो वेडा आहे का गं?"

"पेशंटबद्दल मी बोलत नाही." थोड्या वेळाने मात्र ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "या मुलांना लहानपणापासून सगळे एकच सांगतात, अजून जोरात आदळ. त्यासाठी टाळ्याही वाजवतात. थांबायचं कसं, ते कुणी शिकवतच नाही... म्हणून मारलेलं माफ होत नाही हं. पण राग कुठून येतो ते कळलं, तर पुढचा हात आवरता येतो."

त्या बंद दाराआड काय झालं, ते मला अंत्यविधीनंतर रॉयनेच सांगितलं. "मी खुर्ची भिंतीवर फेकली, तेव्हा ती आपल्या खुर्चीतून उठली नाही. ती म्हणाली, 'मला आत्ता तुझी भीती वाटते आहे, तरी मी इथेच बसणार आहे. आता तुला कशाची भीती वाटते, ते सांग.' तोवर मला कुणी हे विचारलंच नव्हतं." पुढे तो फोटोग्राफरच्या घरी जाऊन माफी मागून आला. सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. मध्ये पुन्हा एकदा बारमध्ये मारामारी झाली, पुन्हा तो मावशीकडे आला. आता तो शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. "शिट्टी वाजली की थांबायचं, हे मी आधी शिकवतो," तो म्हणाला. माझी मान अभिमानाने ताठ झाली.

काकांबरोबर मी घरी परतलो. गॅरेजमध्ये मावशीची गाडी उभी होती. क्लिनिकमधून आल्यावर मावशी लगेच घरात येत नसे. मला इंजिन बंद करायला लावून, काचा खाली करून ती एकटीच गाडीत बसून राही. दिवसभर ऐकलेलं सगळं तिथे ठेवून मगच आत येई, आणि आली की हसत चहा मागे. तोवर काका तिला कधी हाक मारत नसत.

मी आत जायला वळलो. काकांनी मावशीच्या गाडीचं दार उघडलं.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी बसतो जरा..."